दोन्ही रॅकेटी डेल्फीनच्या हातच्या

डेल्फीन गॅस्किन्सला नम्रपणा कधी जमला नाही, आणि जमावा अशी तिची इच्छाही नव्हती. सॅव्हाना शहरात आणि आसपासच्या गावांत रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओढून बसवण्याचं काम, तिच्यासारखं कुणी करत नाही, हे लोकांनी म्हणायच्या आत ती स्वतःच सांगून मोकळी व्हायची. तिचं दुकान म्हणजे बागेतल्या टेनिस कोर्टांसमोर, न्हाव्याच्या दुकानाला लागून असलेली एक लांबट खोली. गिऱ्हाईक आत आलं की ती आधी त्याच्या रॅकेटकडे बघतसुद्धा नसे. त्याचा हात हातात घ्यायची, तळव्यावरचे घट्टे चाचपायची आणि म्हणायची, "मारतोस कसा? दाखव." मग तो डॉक्टर असो, बंदरावरचा हमाल असो की चर्चचा पाद्री, त्या खोलीत तारांच्या गुंडाळ्यांच्या मधोमध उभं राहून त्याला हवेत रॅकेट फिरवून दाखवावीच लागे.

"तार बुटासारखी असते," ती सांगायची. "शेजाऱ्याच्या मापाचा बूट घालून कुणी धावतं का? मग शेजाऱ्याची तार कशाला मागता?"

मागे उभं राहून जीव खाऊन चेंडू हाणणाऱ्याला ती कडक पॉलिएस्टर द्यायची, पण जरा सैल ओढून. कोपर धरून आत येणाऱ्याला मऊ नायलॉन. आणि ज्याचा हात गोड, जो चेंडूला नुसता हाणत नाही तर त्याच्याशी बोलतो, त्याला गुराच्या आतड्याची तात. अशी माणसं तिला थोडीच भेटली. त्यांतली एक तिच्या घरात होती. तिची लेक विनी.

विनी शाळेत विज्ञान शिकवायची आणि उरलेला सगळा जीव टेनिसवर टाकायची. तिचा खेळ जुन्या वळणाचा. सर्व्हिस करायची, जाळीकडे धावायची आणि चेंडू असा हलकेच पलीकडे टाकायची की समोरच्याला राग यावा. शहराच्या स्पर्धेत ती दोनदा फायनलला पोचली होती आणि दोन्ही वेळा हरली होती. या वर्षी तिसऱ्यांदा पोचली. त्या शनिवारी सकाळीच तिनं सेमीफायनल मारली आणि ती घरी अंघोळीला गेली. डेल्फीन दुकानात आली ती मान वर करून. तिचा नवरा लूशस कोपऱ्यातल्या खुर्चीत उकडलेले शेंगदाणे खात बसला होता. तीस वर्षं बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झाल्यापासून ती खुर्ची त्याचीच होती.

"अशीच मान वर ठेवून चाललीस तर दाराला डोकं आपटेल," तो म्हणाला.

"दार उंच करून घेऊ," डेल्फीन म्हणाली.

तेवढ्यात दारात एक माणूस उभा राहिला. केस बारीक कापलेले, शर्ट पँटीत खोचलेला, पाठ अशी सरळ की तो सैन्यातला आहे हे सांगायची गरज नव्हती. त्याच्यामागे एक उंच मुलगी, खांद्यावर रॅकेटची पिशवी.

"मिस डेल्फीन? मी सार्जंट एफ्राइन कासास. हाइन्सव्हिलहून आलोय. ही माझी मुलगी यारेली."

डेल्फीननं मुलीला ओळखलं. सकाळी दुसऱ्या कोर्टावर हिचीच सेमीफायनल चालली होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात पहिल्या वर्षाला, आणि उद्या विनीच्या समोर उभी राहणार होती.

"हिच्या एका रॅकेटची तार तुटली," सार्जंट म्हणाला, "दुसरीची तुटायला आली आहे. दोन्हींना आहे तेच घाला. मऊ नायलॉन, बासष्ट पौंडांचा ताण. बारा वर्षांची होती तेव्हापासून नायलॉनच चालतंय."

"बासष्ट?" डेल्फीननं भुवया वर केल्या. "बारा वर्षांची असताना पण बासष्टच?"

"तेव्हा पंचावन्न होता. मग वाढवत नेला."

"का?"

"चेंडू बाहेर जातो हिचा. ताण वाढवला की आत राहतो."

डेल्फीननं मुलीचा उजवा हात हातात घेतला. तळवा चाचपला, मग मनगट जरा वळवलं. यारेलीनं ओठ आवळले. वडिलांच्या नजरेतून ते सुटलं, डेल्फीनच्या नाही.

"मारतेस कशी? दाखव."

यारेलीनं वडिलांकडे बघितलं. त्यानं मान हलवली तेव्हा तिनं तार तुटलेली रॅकेट उचलली. पाय रोवले, खांदा वळवला आणि रॅकेट खालून वर अशी झपकन नेली की लूशसच्या मांडीवरची सालं उडाली. "अरे बापरे," तो पुटपुटला. पण शेवटाला, हात खांद्यावरून पुढे जायचा त्या क्षणी, पोरीनं तो आवरला. धावत्या घोड्याचा लगाम ओढावा तसा.

"मध्येच का आवरलास?"

"सवय आहे, मॅडम. पूर्ण मारला तर बाहेर जातो."

डेल्फीननं तिची दुसरी, तार शाबूत असलेली रॅकेट उजेडाकडे धरली. उभ्या तारा वेड्यावाकड्या झाल्या होत्या, आणि आडव्या तारांशी घासून घासून त्यांवर खाचा पडल्या होत्या. सकाळी तिनं लांबून पाहिलं होतं, ही पोर प्रत्येक पॉइंटनंतर बोटांनी तारा सरळ करत होती. तेव्हा तिला वाटलं होतं, काहींना असतो असा चाळा. आता कळलं की तो चाळा नव्हता.

"सार्जंट, बसा जरा," ती म्हणाली. "तुमची मुलगी चेंडूला घासून मारते. असं मारताना उभी तार बाजूला सरकायला हवी आणि चटकन जागेवर यायला हवी. ती जागेवर येते तेव्हाच चेंडूला फिरकी बसते, आणि फिरकी बसली की कितीही जोरात मारा, चेंडू खाली येतोच. हे मऊ नायलॉन सरकतं, पण परत येत नाही. अडकून बसतं. मग फिरकी बसत नाही, चेंडू बाहेर जातो, तुम्ही ताण वाढवता. ताण वाढला की मनगट दुखतं."

"मनगट दुखतंय तुझं?" सार्जंटनं मुलीला विचारलं.

"थोडंसं, पप्पा."

"कधीपासून?"

यारेलीनं मनगट पाठीमागे लपवलं. डेल्फीनच पुढे म्हणाली, "हिला उभ्या तारा पॉलिएस्टरच्या हव्यात, गुळगुळीत आणि बारीक. ताण पन्नासच्या आत. आडव्या मऊ राहू द्या, मनगटासाठी. मग हिला हात आवरायची गरज पडणार नाही."

सार्जंटनं दोन्ही रॅकेटींकडे आळीपाळीनं बघितलं. मग त्यानं हलक्या आवाजात, अगदी अदबीनं विचारलं, "मिस डेल्फीन, उद्या हिची फायनल आहे. कुणाशी आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"माझ्या मुलीशी."

"राग मानू नका. पण समोरच्या खेळाडूची आई मला सांगतेय, फायनलच्या आदल्या दिवशी मुलीची तार बदला. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

लूशसचा शेंगदाणा तोंडापाशी थांबला. डेल्फीनला राग आला. आजवर तिला लोक आगाऊ म्हणाले होते, तोंडाळ म्हणाले होते. खोटी कुणी म्हटलं नव्हतं. पण रागावून बोलायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं की माणसाचं चुकत नाहीये. त्याच्या जागी ती असती तर एव्हाना दुकानातून निघून गेली असती.

"मी निघून गेले असते," ती म्हणाली. "तुम्ही थांबलात, म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा बरे. असं करू या. एक रॅकेट तुमच्या मनासारखी करते, तेच नायलॉन, तोच ताण. दुसरी हिच्या हातासारखी. उद्या सरावाला दोन्ही मारून बघ गं पोरी. आणि तुला जी आवडेल ती घे. माझ्याकडे बघायचं नाही आणि पप्पांकडे पण बघायचं नाही."

यारेली पहिल्यांदा हसली. "हो, मॅडम."

ते दोघं गेल्यावर लूशसनं हातातला शेंगदाणा एकदाचा तोंडात टाकला.

"डेल्फीन, अगं, तो माणूस स्वतःच्या तोंडानं बासष्ट म्हणाला. तू 'बरं' म्हणून दोन्ही रॅकेटींना बासष्ट घातला असतास तर कुणाच्या बापाचं काय गेलं असतं? ना खोटं बोलणं, ना लबाडी. गिऱ्हाइकानं मागितलं ते दिलं."

"मागितलं ते तर कुणीही देतं."

"आणि विनी?"

"मला कळतंय, लूशस."

"तो फटका बघितलास ना तू? सालं उडाली माझी! ती पोर उद्या हात न आवरता मारायला लागली तर..."

"मला कळतंय म्हटलं ना!"

डेल्फीननं पहिली रॅकेट मशीनवर चढवली. नायलॉन, बासष्ट पौंड. ते काम तिनं भराभर उरकलं. न आवडणारी भाजी पटापट गिळावी तसं. मग दुसरी चढवली. उभ्या तारा ओवल्या. ताणाच्या काट्यावर हात ठेवला.

आणि तिथे तिचा हात थांबला.

अठ्ठेचाळीस, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पण चार पौंड जास्त ओढले तर? बावन्न काही चूक नव्हती. दुसऱ्या कुणी तेच केलं असतं. त्या पोरीला रॅकेट जुनीपेक्षा चांगलीच वाटली असती, फक्त मनात भरली नसती. सार्जंटला कळलं नसतं, विनीला कळलं नसतं. लूशसला तर शेंगदाण्यापलीकडे काही दिसत नव्हतं. विनीचा दोन वर्षांपूर्वीचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. हरल्यावर हात मिळवून, हसून, सगळ्यांचे आभार मानून ती गाडीत बसली होती, आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती.

पण डेल्फीनच्या हाताखालून आजवर जाणूनबुजून चुकीची रॅकेट गेली नव्हती. तिच्या अंगात गर्व होता, आणि तो कशावर उभा होता हे तिला पक्कं माहीत होतं. तो पाया लेकीसाठी चार पौंडांनी उकरायचा, तर उद्या लेक जिंकल्यावर मान कुठल्या तोंडानं वर करायची?

तिनं काटा अठ्ठेचाळीसवर आणला आणि तार ओढली. शेवटची गाठ मारून झाल्यावर तिनं तळहाताच्या कडेनं तारांवर हलकेच आपटलं. आवाज भरीव आला, जरा खालच्या सुरातला. झकास रॅकेट झाली होती. तिला ते कबूल करावंच लागलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लाल भात आणि तळलेली भेंडी होती. डेल्फीननं विनीला वाढलं आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवून तिला जेवण गेलं नसतं.

विनीनं काटा खाली ठेवला.

"म्हणजे तिचा खेळ तू सुधारून दिलास."

"खेळ तिचाच आहे. मी फक्त तिची रॅकेट तिच्या आड येऊ दिली नाही."

"ममा, मी सकाळी तिला बघत होते. ती आवरून मारत होती. मला वाटलं होतं, आवरून मारणाऱ्या मुलीला मी हरवू शकते. तिसरी फायनल आहे माझी!" तिचा आवाज चढला. "एक दिवस, फक्त एक दिवस तू नुसती माझी आई असतीस तर काय झालं असतं?"

लूशस म्हणाला, "मी हेच..."

"डॅडी, तुम्ही थांबा." विनी उठली आणि पुढच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.

डेल्फीन ताटाकडे बघत बसली. लेकीच्या मागे जायचं नाही, हे तिला अनुभवानं माहीत होतं. भात निवला. बाहेर पाण्याकडून दमट वारा सुटला होता आणि कुणाच्या तरी अंगणात कुत्रं भुंकत होतं. बऱ्याच वेळानं जाळीचं दार वाजलं.

"तिचा चेंडू आता उंच येणार," विनी दारातूनच म्हणाली. "माझ्या बॅकहँडला, खांद्याच्या वर."

"हो."

"मग माझ्या रॅकेटीला पण पॉलिएस्टर घाल."

"नाही."

"नाही काय? तिला घातलंस ना?"

"तिचा हात लांब, वेगानं फिरणारा. तुझा हात आखूड आणि हलका. पॉलिएस्टर तुझ्या हातात फळी होईल. जाळीपाशी चेंडू तुला जाणवणारच नाही." डेल्फीन उठली आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "विनी, घाबरून तार बदलायची नसते. तुझ्या हातात तात आहे आणि तातच राहणार. आडव्या तारा तेवढ्या दोन पौंड घट्ट करून देते, तिचा जोर अंगावर येईल तेव्हा रॅकेट हलू नये म्हणून. बाकी तिचा चेंडू उंच जायच्या आत, उसळतानाच घ्यायचा. ते काम तारेचं नाही, पायांचं आहे."

विनीनं जाळीचं दार मागे लावून घेतलं.

"मला अजून राग आहे तुझा."

"असू दे. रागानं पाय लवकर हलतात."

विनीला हसू आलं. ते लपवण्यासाठी तिनं खुर्ची ओढली, बसली आणि थंड भात खायला लागली.

रविवारी चर्च सुटल्यावर अर्धं गाव बागेत आलं होतं. चर्चच्या टोप्या, हातपंखे, थंडगार गोड चहाचे मोठे पेले. हिरव्या मातीचं कोर्ट पाणी मारून, झाडून तयार होतं. ओकच्या झाडाखालच्या बाकांवर जागा उरली नव्हती. डेल्फीन जांभळी टोपी घालून पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी लूशस. पलीकडे दोन बाकं सोडून सार्जंट कासास, गुडघ्यांवर हात ठेवून.

यारेली सरावाला उतरली. आधी तिनं नायलॉनची रॅकेट घेतली आणि दहा-बारा चेंडू मारले. मग दुसरी उचलली. पहिला चेंडू तिनं सवयीनं आवरून मारला, तो जाळीत गेला. दुसराही जाळीत. सार्जंटनं मान वळवून डेल्फीनकडे बघितलं. डेल्फीननं त्याच्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या चेंडूला पोरीनं काय मनाशी आणलं कोण जाणे, पण हात सोडून दिला. रॅकेट झपकन खांद्यावरून मागे गेली. चेंडू जाळीच्या वर हातभर उंचावरून गेला, बाहेर जातोय असं वाटेपर्यंत गेला आणि एकदम खाली वाकला. बेसलाइनच्या आत पडला आणि तिथून सरावाच्या जोडीदाराच्या डोक्यावरून उडाला.

बाकांवर कुणीतरी शीळ घातली. यारेलीनं तारांकडे बघितलं. बोटं सवयीनं तारा सरळ करायला गेली. सरळ करायला काही नव्हतंच, तारा जागच्या जागी होत्या. तिनं नायलॉनची रॅकेट पिशवीत ठेवली आणि चेन लावून टाकली.

"घ्या," लूशस पुटपुटला. "झालं समाधान?"

"झालं," डेल्फीन म्हणाली. पण चहाचा पेला तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

पहिला सेट विनीचा नव्हताच. तिला जे वाटत होतं तेच झालं. चेंडू खांद्यावर, कानाशी, डोक्यावर येत राहिले. ती मागे मागे सरकत कुंपणाला टेकायची बाकी राहिली. सहा-दोन. लूशसनं टोपी काढून तोंडावर धरली. सेट संपल्यावर खुर्चीत बसताना विनीनं आईकडे बघितलं, आणि डेल्फीननं बसल्या जागी, टोपी हलू न देता, फक्त पाय आपटले. एकदा उजवा, एकदा डावा.

दुसऱ्या सेटमध्ये विनी पुढे आली. बेसलाइनच्या आत उभी राहून ती चेंडू उसळतानाच अडवायला लागली. मोठा फटका नाही, नुसती रॅकेट पुढे. तातीवरून चेंडू निघायचा तो गुपचूप, जमिनीलगत, आणि यारेलीला लांब पाय टाकून वाकावं लागायचं. वाकून फिरकी मारता येत नाही. मग विनी जाळीपाशी यायची आणि चेंडू असा टाकायची की तो हिरव्या मातीवर दोनदा टप्पा घेऊन निजायचा. एकदा तर यारेलीनं जिवाच्या आकांतानं मारलेला चेंडू विनीनं जाळीपाशी नुसता झेलल्यासारखा थोपवला आणि कोपऱ्यात ठेवला. बाकावरच्या एक म्हाताऱ्या बाई ओरडल्या, "बाळ निजवलंस गं, बाळ!" सहा-चार, विनी.

तिसरा सेट जे बघायला होते त्यांना अजून आठवतो. एक मागून वादळासारखी मारत होती, दुसरी पुढे येऊन त्या वादळाला दार लावत होती. दोघींच्या कपड्यांवर माती, दोघींचे चेहरे लाल. कुणी कुणाची सर्व्हिस सोडेना. लोकांनी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या याचा हिशेब सोडून दिला. डेल्फीन आधी विनीच्याच पॉइंटला टाळ्या वाजवत होती. मग यारेलीनं धावत, बाजूच्या कुंपणाजवळून, पूर्ण हात सोडून एक चेंडू मारला. तो जाळीच्या खांबाबाहेरून वळून रेषेवर आला, आणि डेल्फीन कधी उभी राहिली हे तिचं तिलाच कळलं नाही.

"बस खाली!" लूशस दात ओठ खात म्हणाला. "तो आपल्या विरुद्ध होता!"

"माहीत आहे," डेल्फीन म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण बघितलास ना कसा होता!"

सहा-सहा. टायब्रेक. विनी पाच-चार पुढे होती. त्या पॉइंटला तिनं सुरेख सर्व्हिस केली, जाळीवर धावली, आणि यारेलीनं चेंडू तिच्या पायांशी असा बुडवला की तिला तो उचलताच आला नाही. मग अजून एक तसाच. मग शेवटचा. विनीची व्हॉली दोन बोटं बाहेर पडली. पंचानं हात आडवा केला, विनीनं स्वतः जाऊन मातीवरची खूण बघितली आणि बोटानं दाखवलं, बाहेर. सात-पाच.

ती तिसरी फायनल हरली होती.

दोघी जाळीपाशी भेटल्या आणि हात मिळवण्याऐवजी यारेली तिच्या गळ्यातच पडली. डेल्फीनला उठवेना. तिचं मन दोन्हीकडे ओढलं जात होतं. लेकीसाठी जीव तुटत होता, आणि तरी मान आपोआप वर जात होती. त्या मघाच्या तासाभरात विनी जशी खेळली तशी ती आयुष्यात कधी खेळली नव्हती. ही गोष्ट त्या बाकांवर तिच्याइतकी कुणालाच कळली नव्हती.

बक्षिसं देताना आधी हरलेल्या खेळाडूला माइक देतात. विनीनं तो घेतला, घाम पुसला.

"मी तीनदा ही फायनल हरले," ती म्हणाली. "पहिल्या दोन वेळा घरी जाताना मला वाटलं होतं, मी आणखी चांगलं खेळू शकले असते. आज तसं वाटत नाहीये. आज याहून चांगलं मला येतच नव्हतं, आणि यारेलीनं ते माझ्याकडून काढून घेतलं." ती थांबली. "एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. आज कोर्टावर दोन रॅकेटी होत्या. माझी माझ्या आईनं तयार केली. यारेलीचीही माझ्या आईनंच केली. कालच. कुणाशी सामना आहे हे माहीत असताना. काल मी त्याच्यावरून तिच्याशी भांडले. आज सगळ्यांसमोर सांगते, ती माझी आई आहे, आणि मी हरलेय तरी माझी मान वर आहे."

मग ती 'बाळ निजवलंस' म्हणून ओरडलेली म्हातारी उभी राहिली, मग तिच्या शेजारची, मग सगळी बाकं. लोक कोर्टाकडे नाही, पहिल्या रांगेतल्या जांभळ्या टोपीकडे बघून टाळ्या वाजवत होते. जिला आयुष्यभर कौतुक कमीच पडलं होतं त्या डेल्फीनला एवढं कौतुक कुठे ठेवावं ते कळेना. तिनं टोपी सारखी केली, मग परत सारखी केली.

"बोल ना काहीतरी," लूशस म्हणाला. "एरवी तर थांबत नाहीस."

"गप बसा," ती म्हणाली, आणि रडली.

सार्जंट कासास गर्दीतून वाट काढत आला आणि तिच्यासमोर ताठ उभा राहिला.

"मिस डेल्फीन, काल मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला."

"बरोबर केलात, सार्जंट. मुलीचा बाप आहात."

"तिनं आज हात आवरला नाही," तो म्हणाला. एवढंच बोलून त्यानं हाताच्या पाठीनं डोळे पुसले. सैन्यातल्या माणसाला हे बरं दिसत नाही म्हणून तो घाईघाईनं कोर्टाकडे बघायला लागला.

"आमच्याकडे रविवारी कोळंबी उकडतात," डेल्फीन म्हणाली. "मक्याची कणसं, बटाटे, सगळं एकाच पातेल्यात. मुलीला घेऊन या. नाही म्हणालात तर यापुढे तुमचं गटिंग करणार नाही."

ते आले. मागच्या अंगणात लांब टेबलावर वर्तमानपत्रं पसरली होती आणि त्यांवर वाफाळलेल्या कोळंबीचा ढीग ओतला होता. लूशस सार्जंटला क्रेनच्या गोष्टी सांगत होता आणि सार्जंट मन लावून ऐकत होता. त्या बिचाऱ्याला अजून ठाऊक नव्हतं की त्या गोष्टी संपत नाहीत.

विनी आणि यारेली शेजारी शेजारी बसल्या होत्या, दोघींचीही बोटं मसाल्यानं लाल झाली होती.

"जूनमध्ये मेकनला राज्याची डबल्स स्पर्धा आहे," विनी म्हणाली. "तुला जोडीदार आहे?"

यारेलीनं खाणं थांबवलं. "नाही."

"तू मागून मार. मी पुढे उभी राहते. तुझा चेंडू कुणी सरळ परत केला तरी माझ्या पुढ्यातच येणार."

"पण डावी बाजू मी घेणार."

"का म्हणून? वयानं मोठी मी आहे."

"फिरकीचा चेंडू डावीकडून बाहेर काढता येतो!"

"आणि मी काय उजवीकडे नुसती उभी राहून लोकांकडे बघत हात हलवू?"

वाद रंगला. दोघी डेल्फीनकडे वळल्या. "मिस डेल्फीन, तुम्हीच सांगा." "ममा, सांग हिला!"

डेल्फीननं सावकाश एक कोळंबी सोलली. तिचं मत होतं, अगदी पक्कं होतं, आणि एरवी न विचारताही तिनं ते दिलं असतं. पण समोर हे दोन हात होते, एक लांब आणि एक हलका, दोन्ही एकाच टेबलावर. ते बघत बसावं असं तिला वाटलं.

"भांडा," ती म्हणाली. "मी ऐकतेय."